नंबर तीनच्या बोर्डाआधी

लष्करातल्या बढतीविषयी सल्ला हवा असेल तर पुण्यात तो फुकट आणि मुबलक मिळतो. वानवडीच्या बाजूला निवृत्त अधिकाऱ्यांच्या ज्या सोसायट्या आहेत, तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांत अर्धा तास मिसळावं. बढत्या-बदल्या पाहणाऱ्या एमएस ब्रँचचं सध्याचं धोरण, कोणत्या बॅचला किती जागा सुटल्या, अमुक जनरलच्या बायकोचा मामेभाऊ तमुकचा सीओ (कमांडिंग ऑफिसर) कसा होता, सगळं कानावर पडतं. यातलं निम्मं खरं असतं. कोणतं निम्मं, ते मात्र कोणी सांगत नाही.

पुढचं बोलणं अशाच दोघांमधलं आहे. दोघे एनडीएचे कोर्समेट, 1990च्या आसपास कमिशन झालेले. एक ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाला. दुसऱ्याला कर्नलच्या बोर्डानं तिन्ही वेळा नाकारलं. नावांऐवजी हुद्देच वापरतो. त्यांच्या जगात माणसाची ओळख तशीही हुद्द्यानंच होते. तिसरी व्यक्ती या दुसऱ्याची, म्हणजे पुढच्या कर्नलची, भाची. सिग्नल्समध्ये मेजर, सेवा दहा वर्षांची, सुट्टीवर आलेली. मी शेजारी, बिनलष्करी, चहाचा धनी.

आधी शिडी समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी 2004च्या डिसेंबरात लागू झाल्या. तेव्हापासून लेफ्टनंटचा कॅप्टन दोन वर्षांनी होतो, मेजर सहाव्या वर्षी आणि लेफ्टनंट कर्नल तेराव्या वर्षी. खात्याच्या परीक्षा पास लागतात, प्रकृती धड लागते, पण इथवर कोणाशी स्पर्धा नाही. वर्षं भरली की हुद्दा मिळतो. कर्नलपासून पुढे जागाच मोजक्या, म्हणून निवड मंडळं: कर्नलसाठी नंबर तीन, ब्रिगेडियरसाठी नंबर दोन, मेजर जनरलसाठी नंबर एक. प्रत्येकाला तीन 'लुक' मिळतात, एक आपल्या बॅचबरोबर आणि नंतर दोन फेरविचार. तिन्ही वेळा नकार आला की माणूस सुपरसीड झाला. त्याला मग सव्विसाव्या वर्षी टाइम स्केलनं कर्नल करतात. खांद्यावर तोच अशोकस्तंभ आणि तेच दोन तारे, कॉलरवर तीच लाल पट्टी. फक्त युनिट हाती येत नाही.

आमच्या कर्नलसाहेबांची लाल पट्टी ही अशी आलेली. अशा वेळी कोणी काय बोलेल याचा आपण अंदाज बांधतो: वर गेलेला म्हणेल व्यवस्था चोख आहे, मागे राहिलेला म्हणेल सगळा वशिल्याचा कारभार. इथे बरोबर उलटं होतं, म्हणून तर मी ऐकत बसलो.

मेजर: सर, मामा, माझा प्रश्न साधा आहे. पुढचं पोस्टिंग लागतंय. पूर्वेकडे एका ब्रिगेडची सिग्नल कंपनी मिळू शकते. नाहीतर महूला, सिग्नल्सच्या कॉलेजात, एमसीटीईत इन्स्ट्रक्टर. महूला गेले तर स्टाफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास होईल. काय मागू?

ब्रिगेडियर: महू. यात विचार करण्यासारखं काय आहे? तिथे वेळ आहे, लायब्ररी आहे, शेजारच्या चार क्वार्टरांत तोच अभ्यास चाललेला असतो. सप्टेंबरात टॅक्टिक्सचे दोन पेपर, लष्करी कायदा, इतिहास, चालू घडामोडी. या गोष्टी डोंगरात जनरेटरच्या उजेडात होत नाहीत. एकदा वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला गेलीस, नावापुढे पीएससी लागलं, की तुझ्याकडे बघण्याची नजर बदलते. शिवाय वर्षभर ज्यांच्याबरोबर बसशील, तेच पुढे वीस वर्षं प्रत्येक हेडक्वार्टरमध्ये फोन उचलणार.

कर्नल: कंपनी घे.

ब्रिगेडियर: झालं. याला दुसरं येतच नाही.

कर्नल: अगं, मेजरला स्वतःची म्हणून जी पहिली तुकडी मिळते, ती चालवण्यात जी मजा आहे ती पुढे नाही. आणि ती क्रायटेरिया अपॉइंटमेंट आहे. ठरलेले महिने भरले नाहीत तर बोर्ड तुझं नावच विचारात घेणार नाही, मग तुझं पीएससी काय लोणचं घालायचंय?

ब्रिगेडियर: महिने नंतर भरतात. स्टाफ कॉलेजला बसण्याच्या संधी मात्र गेल्या की गेल्या. मी काय म्हणतो ते ऐक, पोरी. या नोकरीत काम सगळेच करतात. ज्याला कोणतं काम कोणत्या वर्षी करायचं ते कळतं, तो वर जातो.

मेजर: म्हणजे तुम्ही सगळं ठरवून केलंत?

ब्रिगेडियर: छे! मी काहीच ठरवलं नव्हतं. म्हणून तर सांगतोय. माझं सगळं नशिबानं जमलं, आणि नशिबावर सल्ला देता येत नाही. माझा सीओ उदार होता, त्यानं माझ्या रिपोर्टाच्या बॉक्समध्ये नऊ टाकले. त्याच्यावरचा ब्रिगेड कमांडर, म्हणजे आरओ, माझ्या सीओचाच जुना सीओ. तो त्याचं लिहिलेलं कशाला खोडेल? त्याच्याही वरचा एसआरओ मला आयुष्यात दोनदा दिसला, एकदा परेडवर आणि एकदा गोल्फच्या हिरवळीवर. त्यानंही नऊ दिले. आता हा बघ. (कर्नलकडे बोट.) त्याच सेक्टरला, त्याच वर्षी, माझ्याहून चांगली कंपनी चालवली यानं. याच्या रिपोर्टात आरओनं आठाचे सात केले आणि माणूस संपला.

कर्नल: हे तुझं म्हणणं. मी तो आकडा कधी पाहिलेला नाही.

इथे थोडं थांबतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकालाही गोपनीय अहवाल म्हणजे काय ते माहीत असतं, पण लष्करातला एसीआर वेगळ्याच वजनाचा कागद आहे. तीन माणसं लिहितात: थेट वरिष्ठ म्हणजे इनिशिएटिंग ऑफिसर, त्यावरचा रिव्ह्यूइंग आणि त्यावरचा सीनियर रिव्ह्यूइंग. एक ते नऊ अशी गुणश्रेणी, वर चार ओळींचं शब्दचित्र, त्याला पेन पिक्चर म्हणतात. पहिल्यानं लिहिलेलं अधिकाऱ्याला दाखवतात, त्याची सही घेतात. वरच्या दोघांनी काय लिहिलं ते त्याच्यापुढे येत नाही. कागदोपत्री सात म्हणजे सरासरीहून वरचा. पण जिथे सगळे आठ आणि नऊ वाटत सुटतात, तिथे सातचा अर्थ एवढाच उरतो की साहेबांच्या मनातून हा उतरलाय.

आणि बोर्डापुढे माणूस जातच नाही. मुलाखत नसते. सदस्यांपुढे एक तक्ता असतो, त्यावर नावसुद्धा झाकलेलं. काही वर्षांपूर्वी ठरलेल्या पद्धतीत 100पैकी 95 गुण कागदांचे, त्यातही रिपोर्टांचा वाटा सर्वांत मोठा, कोर्सेस आणि शौर्यपदकांचा थोडा. बोर्डाच्या सदस्यांनी आपल्या मतानं द्यायचे गुण फक्त 5.

मेजर: मामा, ते आठाचे सात का झाले असतील?

ब्रिगेडियर: मी सांगतो. वार्षिक इन्स्पेक्शन. कंपनीच्या चार गाड्या व्हीओआर, म्हणजे रस्त्यावर येण्याच्या लायकीच्या नव्हत्या. पार्ट येत नव्हते. सगळे काय करतात? शेजारच्या कंपनीच्या चार गाड्या रात्री आणून उभ्या करतात, रंग मारतात, 'ऑल करेक्ट' लिहितात. या महाशयांनी रिटर्नमध्ये चार गाड्या बंद असं लिहिलं. ब्रिगेड कमांडरच्या वरिष्ठांपुढे ब्रिगेडची शोभा झाली.

मेजर: आणि म्हणून सात?

कर्नल: असेलही. नसेलही. अगं, सुपरसीड झालेल्या प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते. मी खरं बोललो, साहेबाला लागलं, करिअर गेलं. दोन पेग झाले की मीही सांगायचो. पण या सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी खऱ्या धरल्या, तर हिंदुस्थानी लष्करात कर्नल झालेला एकही माणूस प्रामाणिक नाही असं म्हणावं लागेल. आणि हा समोर बसलाय तो प्रामाणिक आहे. गाड्या यानंही उसन्या आणल्या नव्हत्या.

ब्रिगेडियर: माझ्या चालू होत्या!

कर्नल: तेच म्हणतोय. माझं लेखी काम ढिलं होतं. ऑपरेशनल डिस्कशनला मी दोन वाक्यांत संपवायचो, समोरच्याला वाटायचं याला काही येत नाही. माझ्या बॅचमध्ये माझ्याहून सरस निदान वीस जण मला माहीत आहेत. जागा कमी होत्या. बोर्डानं विसांना घेतलं आणि मला ठेवलं, तर त्यात कोणाचा कट होता?

ब्रिगेडियर: कट कोण म्हणतंय? मी म्हणतोय सोडत. त्या वर्षी तुझ्या आर्मला किती जागा, यावर निम्मं ठरतं. कारगिलनंतर ओरड झाली की पलटणींचे सीओ म्हातारे झालेत, त्यांना तरुण करा. म्हणून कर्नलच्या जागा वाढवल्या. मग 2009मध्ये कमांड एक्झिट मॉडेल आलं. इन्फंट्रीत सीओचा काळ आखूड, म्हणून तिथे जागा लवकर रिकामी होते, म्हणून नव्या जागांतला मोठा वाटा तिकडे. पुरवठा वगैरे पाहणारे सर्व्हिसेसवाले कोर्टात गेले, लष्करी ट्रायब्युनलनं धोरण रद्द केलं, आणि 2016च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा उभं केलं. वर सांगितलं की कॉम्बॅट सपोर्टला 141 जागा जास्तीच्या द्या. त्यात तुझं सिग्नल्स आलं, पोरी. त्या 141मधल्या एका जागेवर जो कर्नल झाला, तो आदल्या वर्षीच्या माणसाहून हुशार होता का? नाही. वर्ष चांगलं लागलं.

कर्नल: मग त्यावर तुझा उपाय काय, तर महूला जाऊन पाठांतर करा!

ब्रिगेडियर: जे हातात नाही त्याचं काय करणार? जे हातात आहे ते घट्ट धरावं. परीक्षा हातात आहे. नावं झाकून तपासलेला पेपर हा एकच कागद असा, ज्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

हा मुद्दा बिनतोड होता आणि कर्नल काही क्षण चहात बिस्किट बुडवत राहिले. मला वाटतं, ब्रिगेडियरसाहेबांना आपल्या यशाची थोडी लाज वाटते. मित्राला मिळालं नाही ते आपल्याला मिळालं, हे पचवायला नशीब हा सोपा शब्द आहे. आणि कर्नलना व्यवस्था न्याय्य वाटायला हवी असते, कारण तिच्यात चौतीस वर्षं घालवली. दोघांचं म्हणणं या गरजेपोटी येतं म्हणून खोटं ठरत नाही, पण ऐकणाऱ्यानं तेवढं ध्यानात ठेवावं.

पुढे गाडी अपेक्षेप्रमाणे जनरल थोरातांवर आली. मराठी माणूस लष्करी बढतीविषयी बोलेल आणि थोरात येणार नाहीत, असं होत नाही.

ब्रिगेडियर: थोरातांचं काय झालं? बर्मात डीएसओ पदक, कोरियात कस्टोडियन फोर्स, पूर्वेचे आर्मी कमांडर. 1960च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धाभ्यास घेऊन चीन कुठून येईल ते सांगितलं. सेनाप्रमुख थिमय्यांनी आपल्या जागी त्यांचं नाव सुचवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनननी थापर आणले. आणि लगेच 62चं चीनयुद्ध.

कर्नल: थापर सीनियर होते.

ब्रिगेडियर: म्हणून काय?

कर्नल: म्हणून थोरात सुपरसीड झाले असं म्हणता येत नाही. थोरातांना नेमलं असतं तर थापर सुपरसीड झाले असते. थोरात सरस होते हे मला मान्य. पण सरस म्हणून ज्येष्ठाला डावलायचं हा नियम हवा असेल, तर तो सगळीकडे लाव. 1983 आठव. जनरल सिन्हा उपप्रमुख, सर्वांत ज्येष्ठ. सरकारनं त्यांना बाजूला ठेवून अरुणकुमार वैद्यांना प्रमुख केलं. सिन्हांनी राजीनामा दिला. तेव्हा पुण्यात कोणी निषेधाची सभा घेतली? वैद्य आपले, दोन महावीरचक्रं, योग्यच निवड! थोरातांच्या वेळी आपल्याला ज्येष्ठतेचं कौतुक नसतं, गुणवत्ता हवी असते, आणि सिन्हांच्या वेळी ज्येष्ठता आठवतच नाही.

ब्रिगेडियर: वैद्य योग्यच होते.

कर्नल: होतेच. सिन्हाही होते. दोन योग्य माणसं आणि एक खुर्ची, यातून अन्याय काढायचाच म्हटला तर रोज निघतो.

मेजर: पण माणेकशॉंचं काय? त्यांच्यावर तर चौकशी बसवली होती.

कर्नल: बसवली होती, ते वेलिंग्टनला कमांडंट असताना. त्यातून ते सुटले. आणि 62 साली पळापळ झाल्यावर त्यांना चौथी कोअर दिली, तेजपूरला. 62 झालं नसतं तर ते मेजर जनरल म्हणूनच घरी गेले असते, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणजे बघ, इथे मी तुझ्या बाजूनं बोलतोय. नशीब असतं.

ब्रिगेडियर: लिहून ठेवा कोणीतरी.

लिहून ठेवलं. पण मेजरला या थोरामोठ्यांत फारसा रस दिसत नव्हता, आणि ते बरोबरच होतं. सेनाप्रमुखाची निवड सरकार करतं. तिच्या पुढ्यातला प्रश्न खूप खालचा आणि खूप रोजचा होता. तो तिनं जसा मांडला, तसा आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचला नव्हता.

मेजर: तुम्ही दोघे रिपोर्टाबद्दल बोलताय ते पुरुष अधिकाऱ्यांच्या रिपोर्टाबद्दल. मी शॉर्ट सर्व्हिसवर आले. माझे सुरुवातीचे रिपोर्ट ज्या वर्षांत लिहिले गेले, तेव्हा सिग्नल्समधली बाई चौदा वर्षांनी घरी जाणार हे ठरलेलं होतं. पर्मनंट कमिशन लीगल आणि एज्युकेशनवाल्यांनाच. माझ्या एका सीओंनी मला समोर बसवून सांगितलं, 'हे बघ, युनिटमध्ये दोघांचं बोर्ड जवळ आलंय, त्यांना नऊ लागणार आहेत. तुला आठनं काय फरक पडतो?' चांगला माणूस होता. वाईट मनात नव्हतं.

कर्नल: आणि तू सही केलीस.

मेजर: केली. खरंच फरक पडत नव्हता. मग 2020च्या फेब्रुवारीत निकाल लागला, पर्मनंट कमिशन द्या, कमांडही द्या. आणि तेच जुने रिपोर्ट काढून बायांची छाननी सुरू झाली. 2021च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं की बायांचे रिपोर्ट लिहिताना कोणी मन लावून लिहिलेलेच नाहीत, कारण पुढे जाण्याचा रस्ताच नव्हता, तर आता त्यावर जोखू नका. 2023च्या जानेवारीत खास बोर्ड बसलं, कर्नलच्या 108 जागा, विचारात 244 जणी. त्याचाही निकाल वादात सापडला, नोव्हेंबरात कोर्टानं पुन्हा बसा म्हणून सांगितलं, कारण कोणते रिपोर्ट धरायचे आणि कोणते सोडायचे यातच खोट होती. माझी बॅच नंतरची, मला झगडावं लागलं नाही. पण सर, तुम्ही नशीब म्हणता आणि मामा अंकगणित म्हणतो. मला त्यातलं काहीच दिसत नाही. मला एक माणूस दिसतो, ज्यानं गुरुवारी संध्याकाळी सहा रिपोर्ट उरकायचे होते.

दोघेही गप्प. ब्रिगेडियरसाहेबांनी चष्मा पुसला. मला वाटतं त्यांना स्वतःच्या काही गुरुवार संध्याकाळी आठवल्या असाव्यात.

ब्रिगेडियर: खोटं नाही. मीही तसं केलंय. बायांच्या बाबतीत नाही, माझ्याकडे नव्हत्याच. पण जो सुपरसीड झालाय, त्याला आता कशाला नऊ, असं म्हणून आठ टाकलेत. त्याचे नऊ दुसऱ्याच्या कामी आले असतील.

कर्नल: माझ्या रिपोर्टांत शेवटची बारा वर्षं हेच झालं असणार.

ब्रिगेडियर: असणार.

हे वाक्य दोघांनी ज्या सहजतेनं उच्चारलं, त्यावरून हा विषय त्यांच्यात पहिल्यांदा निघत नव्हता.

मेजर: मामा, तुम्ही तक्रार का नाही केलीत?

कर्नल: रीतसर रस्ता होता. आधी नॉन-स्टॅट्युटरी कंप्लेंट चीफकडे, मग आर्मी ॲक्टच्या कलम 27खाली केंद्र सरकारकडे. 2009पासून ट्रायब्युनलही आहे, मुंबईला खंडपीठ आहे. रिपोर्ट खोडला गेला तर पुन्हा बोर्डापुढे नेतात. पण काय लिहिणार? जो आकडा पाहिलेला नाही त्याविरुद्ध? दोन वर्षं त्यात घालवायची, सगळ्या स्टेशनला माहीत व्हायचं, आणि शेवटी उत्तर यायचं की रिपोर्ट सुसंगत आहेत.

ब्रिगेडियर: इथे माझं याच्याशी वाकडं आहे. तक्रार करायला हवी होती. पोरी, तुझ्यावर कधी आली तर कर. आणि लगेच कर. बोर्डाचा निकाल लागल्यावर दहा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टावर ओरडणाऱ्याला कोणी विचारत नाही. सहीला कागद समोर आला की वाच. नीट वाच. शब्दचित्रात 'कष्टाळू', 'नेमून दिलेलं काम चोख करतो' असलं काही असेल तर समज, आकडा कितीही असो, लिहिणाऱ्यानं तुला कारकुनात काढलंय. तिथल्या तिथे विचार, 'सर, कशात कमी पडले?' नव्वद दिवस त्याच्या हाताखाली भरले नसतील तर त्याला रिपोर्ट लिहिता येत नाही, हेही मोज. आणि वर्षभर काय काय केलं त्याची वही ठेव. सीओला तुझं फेब्रुवारीतलं काम डिसेंबरात आठवत नसतं.

कर्नल: हे मात्र ऐक. वहीचं ऐक.

मेजर: आणि नाहीच झालं तर?

यावर कर्नल जे बोलले ते सल्ल्यासारखं नव्हतं. आधी फक्त माहिती होती. वीस वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही, त्यामुळे सोळाव्या-सतराव्या वर्षी नकार आला तरी लगेच उठता येत नाही. मुदतीआधी आपणहून निवृत्ती घेणाऱ्यांना 2015च्या आदेशानं वन रँक वन पेन्शनमधून वगळलं, त्यावर कोर्टकज्जे झाले, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या दिवशीची स्थिती विचारून घ्यायची. डीजीआर या पुनर्वसन संचालनालयामार्फत आयआयएममध्ये सहा महिन्यांचे कोर्स असतात. ते करून बाहेर गेलेले त्यांचे बरेच कोर्समेट आज त्यांच्यापेक्षा, आणि ब्रिगेडियरपेक्षाही, चांगलं कमावतात. मग जरा वेळानं:

कर्नल: पहिला नकार येतो तेव्हा लोक भेटायला येतात, मयताला येतात तसे. दुसऱ्या वेळी येत नाहीत. तिसऱ्या वेळी आपणच क्लबला जायचं टाळतो. मग कधीतरी तुझ्याहून चार वर्षं ज्युनियर तुझा सीओ म्हणून येतो. पहिल्या दिवशी तो बिचारा तुझ्याहून जास्त अवघडलेला असतो. तू सॅल्यूट ठोकतोस, तो म्हणतो, 'सर, बसा ना.' 'सर' तो म्हणतो, मी नव्हे. तुझ्या मामीला आव्वाच्या, म्हणजे लष्करी बायकांच्या संघटनेच्या, मीटिंगमध्ये खुर्ची एक ओळ मागे गेली, तिनं ते मला सहा वर्षांनी सांगितलं. बाकी काही झालं नाही. पगार चालू, मुलीची शाळा चालू. त्या सीओबरोबर मी माझी सर्वांत चांगली तीन वर्षं काढली. बोर्डाची भीती उरली नव्हती, त्यामुळे रिटर्नमध्ये जे होतं ते लिहायचो.

ब्रिगेडियर: ते तू आधीही लिहायचास.

कर्नल: आधी लिहिताना पोटात गोळा यायचा.

ब्रिगेडियर: बरं. पण हिला तू असं रंगवून सांगू नकोस की सुपरसीड होणं म्हणजे मोक्ष. सिव्हिलमध्ये बढती अडली तरी नॉन-फंक्शनल अपग्रेडेशननं पगार तरी वर सरकतो. आपण ते मागून मागून दमलो. रँक ही आपल्याकडे शोभेची वस्तू नाही. पेन्शन त्यावर, घर त्यावर, आणि कोण तुझं ऐकतं तेही त्यावर. सिग्नल्समध्ये चांगली कर्नल पोचली तर तिच्या हाताखालच्या वीस जणींचे रिपोर्ट धड लिहिले जातील. ती नाही पोचली तर कोण लिहिणार?

मेजर: मामा, आता सर तुमच्या बाजूचं बोलताहेत.

कर्नल: नाही, तो त्याच्याच बाजूचं बोलतोय. पण बरोबर बोलतोय.

मला स्वतःला ब्रिगेडियरसाहेबांचं हे शेवटचं पटलं आणि महूचं पटलं नाही. महत्त्वाकांक्षेला लाजायचं कारण नाही. पण ती भागवायला आधी लायब्ररी आणि मग माणसं, हा क्रम मला उलटा वाटतो. अर्थात मला कोणी विचारलं नाही, आणि सप्टेंबरचा पेपरही मला द्यायचा नाही. महिला अधिकारी स्टाफ कॉलेजच्या परीक्षेला पहिल्यांदा बसल्या त्या 2022मध्ये. दार इतक्या उशिरा उघडल्यावर कोणी धावत आत जायचं म्हटलं तर त्याला कोणत्या तोंडानं थांबवणार?

मेजर: कंपनी घेतली तर दोन कॅप्टन माझ्याकडे येतील. त्यांचे रिपोर्ट मी सुरू करणार. एकाबद्दल आत्ताच्या ओसींनी फोनवर सांगितलंय. काम एक नंबर, नेटवर्क रात्री दोनला पडलं तर तोच उभं करतो, पण प्रत्येक ऑर्डरवर 'का' विचारतो. सर, तुम्ही काय द्याल?

ब्रिगेडियर: आठ. आणि त्याला बोलावून सांगेन की 'का' कुठे विचारायचं आणि कुठे नाही.

कर्नल: नऊ. आणि पेन पिक्चरमध्ये लिहीन की प्रश्न विचारतो.

ब्रिगेडियर: ते लिहिलंस की वरचा त्याचे सात करेल. तुला माहीत आहे. तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

कर्नल: मग कसं लिहायचं?

ब्रिगेडियर: 'स्वतंत्र विचाराचा.' तेच, पण वरच्याला झोंबणार नाही असं.

कर्नल: 'स्वतंत्र विचाराचा' म्हणजे ऐकत नाही, हे प्रत्येक ब्रिगेड कमांडरला कळतं.

ब्रिगेडियर: मग 'आदेशामागचा हेतू समजून घेऊन काम करतो.'

कर्नल: लांब झालं. चार ओळी असतात.

मेजर: थांबा, हे लिहून घेते. तुम्ही दोघे आधी या एका कॅप्टनवर एकमत करा, मग मला महूबद्दल सांगा.

एकमत झालं नाही. कर्नलच्या घरून फोन आला तेव्हा ते 'हेतू'च्या जागी 'कारण' बरं का, यावर भांडत होते. मेजर फोनच्या नोंदवहीत तीन वेगवेगळी वाक्यं लिहून त्यातलं मधलं खोडत होती. पोस्टिंगच्या अर्जात तिनं पहिली पसंती कंपनीला दिली, दुसरी महूला. टॅक्टिक्सच्या नोट्सचं ब्रिगेडियरसाहेबांचं खोकं ती परवा गाडीच्या डिकीत घालून घेऊन गेली.